२२ वर शांतता, २२२२ वर नकार

पार्श्वभूमी

एका खासगी दूध संकलन संस्थेचं हे प्रकरण. तालुका, संस्था आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून वरवरचे तपशील बदलले आहेत. तांत्रिक भाग घडला तसाच आहे.

संस्थेची चाळीसेक संकलन केंद्रं. प्रत्येक केंद्रावर वजनकाटा, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले उरलेले घन घटक) मोजणारं यंत्र आणि एक कॉम्प्युटर. सकाळची पाळी संपली की एकदा आणि संध्याकाळची संपली की एकदा, केंद्रावरचा प्रोग्राम त्या पाळीची फाईल मुंबईतल्या डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या सर्व्हरवर पाठवतो. पाठवणी एसएफटीपी या फाईल पाठवायच्या रीतीने होते आणि ती एसएसएचवर (दुरून सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरायची सोय) चालते, म्हणजे दाराशी उभा असतो तो एसएसएचच. आम्ही दुरून सर्व्हरवर लॉगिन करतो तेही त्याच दारातून. दर दहा दिवसांनी या फायलींवरून बिल निघतं. दूध घालणारी माणसं त्याला बिल म्हणत नाहीत, पगार म्हणतात. पगार चुकला की केंद्रावर गर्दी होते.

दाराचा नंबर, म्हणजे पोर्ट, २२२२. एसएसएचचं नेहमीचं पोर्ट २२, पण सहा वर्षांपूर्वी कुणीतरी २२२२ ठरवलं आणि केंद्रांच्या प्रोग्राममध्ये ते पक्कं लिहून टाकलं. पोर्ट बदलल्याने सुरक्षा वाढते असं मी मानत नाही. उघड्या इंटरनेटवर २२ ठेवलं की बॉट (आपोआप चालणारे घुसखोर प्रोग्राम) दिवसभर पासवर्ड ठोकत बसतात आणि लॉग (सर्व्हरची नोंदवही) वाचण्याजोगा राहत नाही. नंबर बदलला की तेवढी कटकट कमी होते, बस. पण एकदा चाळीस ठिकाणी लिहून बसल्यावर तो बदलायचा विषयच नव्हता.

जुन्या सर्व्हरवर उबंटू २०.०४ (लिनक्सची एक आवृत्ती) होतं. त्याचा नियमित सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला, म्हणून संस्थेने २४.०४ चा नवा सर्व्हर घ्यायचं ठरवलं. काम आमच्या धाकट्या सहकाऱ्याकडे होतं. पोरगा हुशार आणि कामाला वाघ. त्याच्याकडे सर्व्हर उभा करायची एक स्क्रिप्ट (ओळीने चालणाऱ्या कमांडची फाईल) होती, पूर्वी माझीच, नंतर त्याने वाढवलेली. ‘दादा, हीच स्क्रिप्ट गेल्या महिन्यात दोन सर्व्हरवर चालवली, काही त्रास नाही,’ हे त्याचं वाक्य लक्षात ठेवा. ते खरं होतं आणि त्यानेच आमची दिशाभूल केली.

त्या दिवशी काय घडलं

तारीख दहा. म्हणजे बिलाच्या टप्प्याचा शेवटचा दिवस. ही तारीख का निवडली, तर सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीचं जुन्या यंत्राचं भाडं अकरापासून पुढच्या महिन्याला लागणार होतं. पैसे वाचवायचे म्हणून.

सकाळच्या फायली आल्यावर पोराने डेटाबेस नव्या सर्व्हरवर नेला. दुपारी तीनला स्क्रिप्टने एसएसएचच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाईलमध्ये पोर्टची ओळ २२२२ केली. फाईल उघडून नाही. स्क्रिप्टमधल्या एका ओळीने शोधा-आणि-बदला. मग व्याकरण तपासलं, चूक नाही. सेवा रीस्टार्ट केली, स्टेटसमध्ये हिरवा ठिपका आणि ‘ॲक्टिव्ह’. मग त्याने कंपनीच्या पॅनेलवरच्या फायरवॉलमध्ये (बाहेरून कोणत्या पोर्टवर येऊ द्यायचं ते ठरवणारा पहारा) २२२२ उघडलं आणि २२ बंद केलं. त्याचं आधीचं लॉगिन सुरूच होतं, त्यात कमांड चालत होत्या. साडेतीनला कायम आयपी पत्ता जुन्या सर्व्हरवरून काढून नव्याला लावला, काम आवरलं आणि सेशन बंद केलं.

वेब ॲप्लिकेशन चालू होतं, अकाउंटंट त्यात पशुखाद्याच्या उचलीच्या कपाती भरत होते. सगळं सुरळीत दिसत होतं.

रात्री पावणेआठला पहिल्या केंद्राच्या सेक्रेटरींचा फोन: ‘फाईल जाईना झालीया.’ आठपर्यंत असे नऊ फोन. पोराने स्वतः लॉगिन करून पाहिलं, त्यालाही नकार. त्याला वाटलं, फेल-टू-बॅनने (चुकीचे लॉगिन वारंवार करणारा पत्ता काही वेळ अडवणारा प्रोग्राम) आपला पत्ता रोखला असावा. हा संशय अगदीच वेडगळ नव्हता. फेल-टू-बॅनची ठरलेली बंदी दहा मिनिटांची असते आणि उबंटूवर ती गप्प राहून नव्हे तर चक्क नकार देऊन अडवते, त्यामुळे लक्षण सारखंच दिसतं. तो पंधरा मिनिटं थांबला. फरक पडला नाही. आठ वीसला मला फोन आला.

लक्षणं

मी पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘नेमकं काय लिहून येतंय? वाचून दाखव.’

‘कनेक्ट होत नाहीये, दादा.’

‘ते कळलं. शब्द वाच.’

लोक इथे घाई करतात. ‘कनेक्ट होत नाही’ या तीन शब्दांत निदान चार वेगवेगळे आजार लपलेले असतात. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर दार उघडं आहे, फक्त तुमची किल्ली किंवा पासवर्ड चालला नाही. जोडणी होऊन लगेच तुटली तर आतल्या एसएसएचने काहीतरी पाहून तोंड फिरवलंय. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे तुमचं पाकीट (डेटा पॅकेट) वाटेत कुणीतरी गिळलं, उत्तरच नाही. बहुतेक वेळा फायरवॉल. आणि ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे, फेल-टू-बॅनसारख्या कुणी अडवलं नसेल तर, पाकीट यंत्रापर्यंत पोचलं आणि यंत्राच्या कर्नलने (प्रणालीच्या गाभ्याने) स्वतः सांगितलं की या नंबरावर कुणी बसलेलं नाही.

त्याने वाचलं: २२२२ वर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. लगेच, सेकंदाच्या आत.

‘आता २२ वर करून बघ.’

‘२२ तर मीच बंद केलंय.’

‘तरी बघ.’

२२ वर कर्सर नुसता लुकलुकत राहिला. दोनेक मिनिटांनी ‘टाइम्ड आउट’.

मी माझ्या घरून दोन्ही करून पाहिलं. तंतोतंत तेच. इथे फेल-टू-बॅनचा संशय संपला. माझा पत्ता त्या सर्व्हरने कधी पाहिलेलाच नव्हता. खरं तर तो संशय आठ वाजताच संपायला हवा होता. नऊ केंद्रं नऊ वेगळ्या नेटवर्कवरून अडकतात तेव्हा बंदी एकेकट्या पत्त्यावर आहे असं म्हणता येत नाही.

आता दोन नकार शेजारी ठेवून बघा. २२२२ च्या वाटेवर फायरवॉल मोकळी आहे, पण आत खुर्ची रिकामी. २२ च्या वाटेवर फायरवॉल भिंतीसारखी उभी, तिच्यामागे काय आहे ते दिसत नाही. एसएसएच मेलं असेल किंवा जिवंत असून अजून जुन्याच खुर्चीवर बसलं असेल. वेब ॲप्लिकेशन चालू होतं, म्हणजे यंत्र धड होतं. माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे होता, पण कॉन्फिगमध्ये २२२२ लिहिलेलं आणि सेवा रीस्टार्ट झालेली असताना ती २२ वर का बसेल, याचं उत्तर माझ्याकडे त्या क्षणी नव्हतं.

समोरचे पर्याय

पोराचा आग्रह होता रीबूटचा. पॅनेलवर बटण आहे, दाबलं की दोन मिनिटांत कळेल. मी नाही म्हटलं. अकाउंटंट कपाती भरत बसले होते हे एक कारण. दुसरं असं की एसएसएच काहीतरी चुकीमुळे पडलं असेल तर रीबूटनंतरही पडलेलंच राहील, आणि तोवर लॉगमधली ताजी परिस्थिती गेलेली असेल. हा निर्णय बरोबर होता का, यावर पुढे येतो.

कंपनीच्या पॅनेलमधून सर्व्हरची स्क्रीन थेट ब्राउझरमध्ये दिसते, तो कन्सोल हा दुसरा मार्ग. उघडला. लॉगिनची ओळ आली, आणि लक्षात आलं की आमच्या युजरला पासवर्डच नाही. क्लाउडवरच्या उबंटूत युजर किल्लीनेच आत येतो, पासवर्ड कुलूपबंद असतो. संकटकाळासाठीचं दार होतं, पण त्याची किल्ली आम्ही कधी घडवलीच नव्हती. पासवर्ड बदलायची सोय पॅनेलवर होती, पण तिलाही यंत्र बंद करावं लागत होतं.

तिसरा मार्ग माघारीचा: कायम पत्ता परत जुन्या सर्व्हरला लावायचा. तो नुसता थांबवलेला होता, पुसलेला नव्हता. दहा मिनिटांचं काम. अडचण एकच, साडेतीनपासून भरलेल्या कपाती नव्या डेटाबेसमध्ये होत्या. संध्याकाळचं दूध जुन्यात आणि कपाती नव्यात, अशी फाटाफूट झाली असती. ती नंतर जुळवता येते, पण बिलाच्या आदल्या रात्री जुळवत बसण्याची मला हौस नव्हती.

आणि चौथा: पॅनेलच्या फायरवॉलमध्ये २२ फक्त माझ्या पत्त्यापुरतं उघडून बघायचं. काही मोडत नाही, काही थांबत नाही, जमलं नाही तर नियम पुसून टाकायचा. माझा अंदाज खरा असेल तर सरळ आत. चुकीचा असेल तर २२ वरही ‘रिफ्यूज्ड’ येईल, आणि एसएसएच खरंच मेलंय हे कळेल. दोन्हीकडून काहीतरी हाती लागणार होतं, म्हणून हाच निवडला.

सोबत एक मुदतही घातली. सव्वानऊपर्यंत आत गेलो नाही तर जास्त डोकं न चालवता माघार घ्यायची, जुना सर्व्हर लावायचा. अकाउंटंटना फोन करून तेवढं सांगितलं आणि कपाती भरणं थांबवायला सांगितलं. ते म्हणाले, ‘साहेब, उद्या पगार लागला नाही तर केंद्रावर तोंड मला दाखवायचंय, तुम्हाला नाही.’ यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

पोराचा आवाज एव्हाना बसला होता. त्याला म्हटलं, केंद्रावरचा प्रोग्राम न गेलेली फाईल जपून ठेवतो आणि दर पंधरा मिनिटांनी पुन्हा पाठवतो. दूध नासेल, फाईल नासत नाही. जेवून घे.

कारवाई

पॅनेलचा ताबा त्याच्याकडे होता, म्हणून नियम त्याने टाकला. दहा मिनिटं झाली तरी २२ वर तीच शांतता. अंदाज चुकला असं वाटून मी माघारीच्या तयारीला लागलो होतो. मग सहज म्हटलं, नियमात पत्ता काय टाकलास? ‘एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, चौदा.’ म्हणजे माझ्या घरातल्या राउटरने लॅपटॉपला दिलेला पत्ता. मीच स्क्रीनशॉट पाठवला होता, त्यात तोच दिसत होता. बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता शोधून दिला, नियम बदलला, आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी २२ वरून मी आत होतो.

आत गेल्यावर आधी दुसरं सेशन उघडून ठेवलं. मग दोन गोष्टी विचारल्या. एसएसएचला विचारलं की तू कोणतं पोर्ट मानतोस? उत्तर २२२२. कर्नलला विचारलं की प्रत्यक्षात कोणत्या नंबरावर कोण ऐकतंय? उत्तर २२. आणि त्या ओळीच्या शेवटी, खुर्चीवर बसलेल्याचं नाव एसएसएचडी (एसएसएचचा सर्व्हरवरचा प्रोग्राम) एवढंच नव्हतं. शेजारी लिहिलं होतं: सिस्टिमडी, प्रोसेस क्रमांक १.

सिस्टिमडी म्हणजे यंत्र सुरू होताना पहिला उठणारा आणि बाकीच्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम. एकदम उजेड पडला. उबंटूने २२.१० पासून एसएसएच सुरू करायची रीतच बदलली. आधी एसएसएचडी स्वतः पोर्ट धरून बसायचा. आता पोर्ट धरतो सिस्टिमडी, आणि पहिला पाहुणा आला की मग एसएसएचडीला उठवून धरलेलं सॉकेट (पोर्टवर ऐकण्याचं टोक) त्याच्या हाती देतो. कुणी लॉगिन करत नसेल तेव्हा मेमरी वाचावी, हा हेतू. मोठ्या क्लाउडवर हजारो छोटी यंत्रं असतात, तिथे अशा वाचवलेल्या थेंबांचं तळं होत असणार. पण याचा अर्थ असा की पोर्ट बदलायचं तर एसएसएचची सेवा रीस्टार्ट करून भागत नाही. ती पुन्हा उठते आणि पुन्हा तेच जुनं सॉकेट हातात घेते. आधी सिस्टिमडीला डेमन-रीलोड करून कॉन्फिग नव्याने वाचायला लावायचं आणि मग सेवा नव्हे, एसएसएच डॉट सॉकेट हे युनिट रीस्टार्ट करायचं.

या दोन कमांड कुठे सापडल्या म्हणता? त्याच कॉन्फिग फाईलमध्ये, पोर्टच्या ओळीच्या बरोबर डोक्यावर. २४.०४ मध्ये तिथे टीप लिहिलेली आहे की पोर्ट बदललात तर हे दोन हुकूम द्या. फाईल कुणी डोळ्यांनी उघडलीच नव्हती. स्क्रिप्टने ओळ बदलली आणि पुढे गेली.

सॉकेटच्या रीतीऐवजी जुनी रीत परत आणायचाही पर्याय होता: सॉकेट बंद, सेवा कायम चालू. जुनी खोडं तेच करतात, मलाही मोह झाला. नाही केलं. उद्या माझ्याजागी येणारा माणूस उबंटूची मदतपानं वाचून येणार, त्याला यंत्र पानात लिहिल्यासारखं सापडलेलं बरं.

दोन्ही हुकूम दिले, नव्या खिडकीतून २२२२ वर लॉगिन करून पाहिलं, मगच २२ चा नियम पुसला. नऊ पंचवीस.

दुसरी अडचण

फायली तरीही येईनात.

आता केंद्रांवर वेगळाच मजकूर येत होता: सर्व्हरची ओळख बदललेली आहे, जोडणी थांबवली. प्रत्येक एसएसएच सर्व्हरची स्वतःची एक किल्ली असते आणि पाहुणा पहिल्या भेटीत तिचा ठसा लिहून ठेवतो. पत्ता तोच पण ठसा वेगळा दिसला की मध्ये कुणी भामटा बसलाय असं समजून तो पाय मागे घेतो. नव्या सर्व्हरने नवी किल्ली घडवली होती; केंद्रांच्या दृष्टीने आम्हीच भामटे.

पोराचं म्हणणं, सगळ्या सेक्रेटरींना फोन करून जुनी नोंद पुसायला सांगू. चाळीस फोन, रात्री दहाला, आणि त्यातून लोकांना लागणारी सवय कोणती, तर इशारा आला की पुसून पुढे जायचं. त्यापेक्षा जुना सर्व्हर तात्पुरत्या पत्त्यावर सुरू केला, त्याच्या ओळखीच्या किल्ल्या नव्यावर आणल्या, मालकी आणि परवानग्या नीट केल्या, सेवा रीस्टार्ट केली. या कामाला सेवेचा रीस्टार्ट पुरतो. दहा वाजून दहा मिनिटांनी पहिली फाईल पडली, मग पावसाच्या थेंबांसारख्या टपाटप.

तीन केंद्रं उरली. त्यांचा प्रोग्राम इतका जुना होता की त्याला फक्त शा-१ वर आधारलेली आरएसए सही (ओळख पटवायची जुनी, कमकुवत पद्धत) समजत होती, आणि ओपनएसएसएचने (उबंटूतला एसएसएचचा प्रोग्राम) ती ८.८ पासून, म्हणजे २०२१ पासून, आपणहून स्वीकारणं बंद केलंय. जुन्या २०.०४ वर ८.२ होतं म्हणून चालत होतं, २४.०४ वर ९.६ आहे. ती सही संपूर्ण सर्व्हरसाठी पुन्हा सुरू करता आली असती, एका ओळीचं काम. तीन केंद्रांसाठी चाळीस जणांचं दार सैल करायचं नाही असं ठरवलं. त्या तिघांच्या फायली सकाळच्या दुधाच्या गाडीबरोबर पेन ड्राइव्हवर आल्या.

निष्पत्ती

अकरा तारखेला दुपारी बिल लागलं. एकही फाईल हरवली नाही. पंधरवड्यात तिन्ही केंद्रांवर नवा प्रोग्राम बसला. जुना सर्व्हर आणखी एक महिना ठेवला. ज्या भाड्याच्या बचतीसाठी दहा तारीख निवडली होती, ते भाडं शेवटी भरलंच.

वेगळं काय करता आलं असतं

तारखेबद्दल पोराला बोल लावता येत नाही, ती मला विचारून ठरली होती. अकरा किंवा बारा चालली असती.

दुपारी साडेतीनला नव्या खिडकीतून एकदा २२२२ वर लॉगिन केलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. सुरू असलेल्या सेशनने फसवलं. ते आधीच जोडलेलं होतं, त्यामुळे सेवा रीस्टार्ट होऊनही तुटलं नाही आणि २२ बंद करूनही तुटलं नाही. हिरव्या ठिपक्यानेही फसवलं. सेवा जिवंत आहे एवढंच तो सांगतो, कुठे बसलीये ते नाही. ते लॉगमध्ये होतं: ‘सर्व्हर लिसनिंग’ आणि पुढे २२. तीन वाजून दोन मिनिटांची नोंद, मी रात्री वाचली.

कन्सोलसाठी पासवर्ड आता सगळ्या सर्व्हरवर आहे, बंद पाकिटात, संस्थेच्या तिजोरीत. एसएसएचमधून पासवर्डने लॉगिन तरीही बंदच आहे.

माझ्या बाजूने दोन गोष्टी. फेल-टू-बॅनवरून पंधरा मिनिटं गेली म्हणून मी पोराला बोललो, पण पत्त्याच्या घोळात माझीही दहा मिनिटं गेली, आणि तो स्क्रीनशॉट माझाच होता. दुसरी गोष्ट रीबूटची. रीबूट केला असता तर सिस्टिमडीने सुरू होताना कॉन्फिग नव्याने वाचलं असतं, २२२२ वर बसला असता, आणि साडेआठलाच दार उघडलं असतं. पोराचं बरोबर होतं. पुन्हा तशी वेळ आली तर मी अकाउंटंटना आधी थांबवीन, आणि मग कदाचित रीबूटला हो म्हणेन; पण चौथा पर्याय फुकट असताना आधी तोच करीन, असंही वाटतं. यावर आमचं अजून एकमत नाही.

बाराला सकाळी त्याने स्वतःहून गेल्या महिन्यातले ते दोन सर्व्हर तपासले, जिथे हीच स्क्रिप्ट ‘काही त्रास नाही’ म्हणून चालली होती. दोन्हीकडे पोर्ट बदलल्यानंतर अपडेट टाकले होते, कर्नल नवा आला होता, आणि काम संपवताना त्याने दोन्ही रीबूट केले होते.